‘झालं का?’ न विचारता काम कसं मागायचं

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. तू पुण्यात खराडीच्या ऑफिसात बसतोस, नोकरीला आठ महिने झालेत. चाकणच्या प्लांटमधल्या एका सिनियर साहेबांकडून तुला एप्रिल ते जूनचा डिस्पॅचचा, म्हणजे बाहेर गेलेल्या मालाचा, डेटा हवाय. मेल टाकून बारा दिवस झाले, मध्ये दोन ‘जेंटल रिमाइंडर’ गेले, व्हॉट्सॲपवर विचारलंस तर ‘हो, होऊन जाईल’ एवढंच आलं, आणि इकडे तुझ्या मॅनेजर रोज संध्याकाळी विचारतात कारण पुढच्या मंगळवारी रिव्ह्यू आहे. आता तुला विचारायचंय की किती दिवसांनी आठवण केली तर उद्धट वाटणार नाही, शब्द काय वापरायचे, मराठीत लिहायचं की इंग्रजीत. तुला तू म्हणतेय, राग मानू नकोस, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे.

मी आधी भोसरी आणि मग चाकण असं मिळून २४ वर्षं परचेसमध्ये, म्हणजे खरेदी खात्यात, काढली. लोकांना वाटतं परचेस म्हणजे भाव पाडणं, पण खरं तर दिवसातले चार-पाच तास पाठपुराव्यातच जातात, आणि तोही अशा लोकांकडे जे तुमच्या हाताखाली नसतात, तुमचं ऐकायला बांधील नसतात आणि बरेचदा तुमच्यापेक्षा वयाने मोठे असतात. म्हणजे तुझं जे आत्ता झालंय ते माझं रोजचं होतं.

तर आधी हे की रिमाइंडर तिसऱ्या दिवशी की पाचव्या दिवशी हा तुझा खरा प्रश्नच नाहीये. तू तुझा पहिला मेल चिकटवलायस, त्यात शेवटी लिहिलंयस ‘वेळ मिळेल तेव्हा कृपया शेअर करावे’. अरे, वेळ मिळेल तेव्हा! प्लांटमधल्या माणसाला वेळ कधी मिळतो सांग बरं मला. तू हे नम्रपणा म्हणून लिहिलंस, मी पण पहिली दोन-तीन वर्षं असंच लिहायचे, पण त्याचा अर्थ समोरच्याने असा घेतला की याची काही घाई नाही, आणि त्यात त्याची चूक काय? आता तू रिमाइंडर पाठवतोस तेव्हा त्याला वाटतं की हा अचानक का मागे लागलाय, आणि तुला वाटतं की बारा दिवस झाले तरी दाद देत नाहीत. तारीख कुणीच ठरवली नव्हती, म्हणून दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात.

दुसरं, तुझा दुसरा रिमाइंडर गुरुवारी सकाळी गेलाय. भोसरी-चाकणकडच्या बऱ्याच युनिटांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही, जुन्या स्टॅगरिंगच्या, म्हणजे विजेचा भार वाटायला भागवार वेगवेगळ्या दिवशी सुट्टी द्यायच्या, हिशोबाने ते चालत आलंय. खराडी-हिंजवडीवाल्यांना हे माहीतच नसतं. म्हणजे तू त्या माणसाला बहुतेक सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊला आठवण केलीस, आणि शनिवार-रविवार तो कामावर असताना तू सुट्टीवर. त्यांच्या प्लांटला कधी सुट्टी असते ते एकदा विचारून घे.

हे असं बारीकसारीक माहीत असणं हीच अर्धी नम्रता आहे असं माझं मत झालंय. अकाउंट्सवाल्यांना ७ तारखेला टीडीएस भरायचा असतो, ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी ही जीएसटीची रिटर्न, त्या दिवशी तुम्ही कितीही गोड बोला, ते तुमच्यावर खेकसणारच. प्लांटमध्ये शिफ्ट बदलायच्या वेळेला फोन करू नये. कंपनीची बस सुटायच्या आधीच्या पंधरा मिनिटांत तर नाहीच नाही, तेव्हा माणूस खुर्चीत असतो पण मनाने बसमध्ये बसलेला असतो. साडेदहा-अकरानंतर, सकाळची मीटिंग आणि चहा झाल्यावर, ही माझी आवडती वेळ.

आता शब्दांकडे येते. सगळ्यात घातक शब्द माझ्या मते ‘अजून’. ‘सर, डेटा आला नाही’ आणि ‘सर, डेटा अजून आला नाही’ यात दुसऱ्यात आरोप आहे, आणि तो लिहिणाऱ्याला दिसत नाही पण वाचणाऱ्याला लगेच टोचतो. तसंच ‘तुम्ही म्हणाला होतात’. त्याऐवजी ‘आपलं बुधवारी बोलणं झालं होतं’ म्हण, गोष्ट तीच राहते पण बोट दाखवलं जात नाही. आणि ‘झालं का?’ हा प्रश्न तर मी विचारायचाच सोडून दिला, कारण त्याचं उत्तर फक्त हो किंवा नाही, आणि ‘नाही’ म्हणायला कुणाला आवडत नाही, मग माणूस उत्तरच देत नाही. ‘कुठवर आलंय?’ किंवा ‘कशासाठी थांबलंय का?’ असं विचारलं की त्याला खरं सांगायला जागा मिळते.

हे ‘कशासाठी थांबलंय का’ मी फार महागात शिकले, ते सांगते. सुरुवातीच्या काळातली गोष्ट, भोसरीतला एक प्लेटिंगवाला, म्हणजे धातूच्या भागांवर मुलामा चढवणारा, छोटं युनिट, बाप आणि दोन मुलं. आमचे ब्रॅकेट त्याच्याकडे झिंक प्लेटिंगला गेलेले आणि आठ दिवस झाले तरी माल नाही. मी रोज दोन फोन, ‘झालं का, कधी देताय, आमची लाइन थांबेल’. तो म्हणायचा ‘हो मॅडम, बघतो मॅडम’. नवव्या दिवशी मी रिक्षा करून गेले, चांगलीच तापलेली, बोलायचं सगळं तोंडात तयार. आत गेले तर आमचे ब्रॅकेट एका प्लास्टिकच्या क्रेटमध्ये तसेच काळे, तेलकट, वर आमचंच ड्रॉइंग ठेवलेलं आणि त्यावर पेनाने गोल केलेला. ड्रॉइंगवर मुलाम्याचा थिकनेस ८ मायक्रॉन लिहिलेला आणि पीओमध्ये, म्हणजे आमच्या खरेदीच्या ऑर्डरमध्ये, १२. त्याने पहिल्याच दिवशी मेल करून विचारलं होतं की कुठला धरू, आणि तो मेल गेला होता आमच्याकडून नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या आयडीवर. आठ दिवस तो आमची वाट बघत होता आणि मी त्याच्यावर ओरडत होते. त्याने फोनवर का नाही सांगितलं? कारण मी बोलूच दिलं नव्हतं, माझा प्रश्नच असा होता की त्याला फक्त तारीख सांगायची किंवा गप्प बसायचं. त्या म्हाताऱ्यांनी मला स्टूल दिलं, चहा मागवला, आणि म्हणाले ‘मॅडम, आठ की बारा तेवढं सांगा, परवा माल देतो’. परवा दिला पण.

म्हणून तुझ्या साहेबांच्या बाबतीत पहिली शंका ही घे की काहीतरी अडलंय. कदाचित तुला हवा तो डेटा त्यांच्या सिस्टीममधून एका क्लिकमध्ये निघतच नसेल, तीन फायली जुळवाव्या लागत असतील. कदाचित तो काढणारा मुलगा रजेवर असेल. कदाचित त्यांना तुला नक्की काय पाहिजे तेच कळलं नसेल आणि विचारायला कमीपणा वाटत असेल, सिनियर माणसांचं हे फार होतं. आणि हो, कदाचित ते खरंच टाळतही असतील, पण ते शेवटी धरायचं.

‘हो, होऊन जाईल’ याचाही अर्थ लावायला शिक. मराठीत नाही म्हणायला आपण क्रियापद बदलतो. ‘होईल’, ‘होऊन जाईल’ यात करणाराच नाहीये, काम आपलं आपण होणार आहे म्हणे. ‘बघतो’ म्हणजे मेल उघडलेला नाही. ‘झाल्यातच जमा आहे’ म्हणजे जे सगळ्यात कटकटीचं आहे नेमकं तेच राहिलंय. पण ‘उद्या सकाळी करून टाकतो’ म्हणाले की त्यात माणूसही आहे आणि वेळही आहे, त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. म्हणून ‘होऊन जाईल’ आलं की तिथेच, लगेच, हसत विचारायचं, ‘सोमवारी संध्याकाळी धरू का सर?’ तारीख आपण सुचवायची. त्यांना नसेल जमत तर ते म्हणतील नाही, बुधवार धर. मग बुधवार का होईना, तारीख तर मिळाली. तू ‘ओके सर, थँक यू’ लिहून मोकळा झालास ना, तिथे संधी गेली.

आता तुझा मेसेज मी असा लिहीन: ‘नमस्कार सर, डिस्पॅच डेटाबद्दल. मी पहिल्या मेलमध्ये जरा जास्तच मागितलं होतं, मला फक्त पार्ट नंबर, डिस्पॅचची तारीख आणि नग एवढं पुरेल, बाकी मी इथे जुळवतो. फॉरमॅट कसाही चालेल, सिस्टीममधून निघेल तसाच पाठवला तरी चालेल. मंगळवारी दुपारी रिव्ह्यू आहे, सोमवारी संध्याकाळी ५ पर्यंत मिळालं तर मला तपासायला वेळ मिळेल. काढायला काही अडचण असेल तर सांगा, मी तुमच्याकडच्या कुणाशी बोलून घेऊ का?’

यात बघ, प्लीज एकदाही नाही आणि तरी उद्धट वाटत नाही. मागणी कमी केली, तारीख दिली, तारखेचं कारण दिलं आणि त्यांना सुटायला एक वाट दिली की दुसऱ्या कुणावर सोपवा. मी स्वतः जेव्हा दिवसाला तीस-चाळीस फॉलोअप झेलायचे तेव्हा आधी उत्तर कुणाला जायचं माहितीये? जास्त गोड बोलणाऱ्याला नाही, जास्त ओरडणाऱ्यालाही नाही, ज्याला एका ओळीत उत्तर देता येईल त्याला. ज्याच्या मेलमध्ये ‘खालील ट्रेल पाहावा’ असायचं आणि खाली चौदा मेल, तो राहून जायचा. तेव्हा रिमाइंडर जुन्या मेलवरच पाठव पण वर दोन ओळीत सगळं परत लिही, त्यांना खाली जायला लावू नकोस. आणि नुसतं ‘??’ कधीही पाठवू नकोस, कितीही जवळचा माणूस असला तरी. ब्लू टिक दिसली म्हणजे वाचलं, एवढंच. उत्तर द्यायची सवड होती असं नाही, ती व्यक्ती मशीनपाशी उभी राहून वाचत असेल.

किती दिवसांनी हे विचारलंस म्हणून सांगते, पण हे कामावर आणि माणसावर अवलंबून आहे, याला काही नियम नाही. मी साधारण असं करायचे की मुदत दहा दिवसांची असेल तर पाचव्या दिवशी एकदा, नुसतं ‘काही अडलंय का’ विचारायला, मग आदल्या दिवशी एकदा, आणि मुदतीच्या दिवशी फोन. लिहून दोनदा झालं की तिसऱ्यांदा लिहायचं नाही, बोलायचं. तिसरा रिमाइंडर वाचणाऱ्याला अपराधी वाटायला लागतं, आणि अपराधी वाटणारा माणूस तुमचा मेल उघडतच नाही, हे मी माझ्यावरूनच सांगते. फोनवर पहिलं वाक्य ‘आता बोलायला जमेल का सर, दोन मिनिटं?’ आणि फोन झाल्यावर एक ओळ व्हॉट्सॲपवर, ‘बोलल्याप्रमाणे सोमवारी ५ पर्यंत, थँक यू सर’. ही ओळ म्हणजे पुरावा पण आहे आणि आठवण पण, आणि पुराव्यासारखी वाटत नाही.

इथपर्यंत करून पण काही हललं नाही तर मग वर जायची वेळ येते, आणि तिथे बहुतेक पोरं घाण करतात. न सांगता मॅनेजरला सीसीत टाकतात. असं करू नकोस. तुझं काम होईलही पण तो माणूस पुढची पाच वर्षं लक्षात ठेवेल, आणि चाकणला तुझं दुसरं कोण आहे? मी एक वाक्य वापरायचे, अजून वापरते: ‘सर, आमच्या मॅडम विचारतायत, त्यांना काय सांगू?’ एवढंच. धमकी नाही, तक्रार नाही, उलट तू त्यांच्या बाजूने उभा आहेस, त्यांचं म्हणणं नीट वर पोचवायला. पण त्यांना कळतं की विषय वर गेलेला आहे आणि आता आपण काय बोलू ते आपल्या नावाने सांगितलं जाणार आहे. दहातल्या सात-आठ वेळा मला तिथेच खरी तारीख मिळालेली आहे. ती मिळाली की मॅनेजरना तशीच सांग, मीठमसाला न लावता.

आणि तुझ्या मॅनेजरचं म्हणशील तर त्यांनी रोज संध्याकाळी विचारायची वेळच येऊ देऊ नकोस. त्यांनी विचारायच्या आधी चार वाजता तूच लिही, ‘आज फोन झाला, सोमवार ५ ची वेळ दिलीये, नाही आलं तर मी मेच्या जुन्या रिपोर्टवरून अंदाज तयार ठेवतोय’. जो आपणहून सांगतो त्याच्या मागे कुणी लागत नाही. मात्र हे ‘नाही आलं तर मी असं धरून पुढे जातो’ सगळीकडे चालत नाही. रिव्ह्यूच्या आकड्यांना चालेल, क्वालिटीच्या मंजुरीला, पैशाच्या सहीला, सेफ्टीच्या कुठल्याही गोष्टीला अजिबात नाही, तिथे उत्तर येईपर्यंत थांबायचंच.

पैशाचा विषय निघालाच आहे तर, काही जणांनी खाली पेमेंटच्या फॉलोअपचं पण विचारलंय. तिथेही तेच, ‘पेमेंट कधी?’ विचारू नका. मी त्या बाजूला बसलेली आहे म्हणून सांगते, बिल एका ठिकाणी थांबत नाही, पीओ, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) आणि इनव्हॉइस तिन्ही जुळले तरच पुढे सरकतं, आणि नुसतं ‘पेमेंट कधी’ विचारलं की समोरचा ‘अकाउंट्सला आहे’ म्हणून मोकळा होतो. एका छोट्या फॅब्रिकेशनवाल्यांच्या बाई यायच्या, त्या विचारायच्या ‘११८ नंबरच्या बिलाचा जीआरएन झाला का, आणि झाला असेल तर अकाउंट्सला कुणाच्या हातात आहे’. त्यांचे पैसे सगळ्यात आधी निघायचे, कारण त्यांचा प्रश्नच असा असायचा की मला उठून बघावंच लागायचं. बाकी कायदा तुमच्या बाजूने आहे हे माहीत असू द्या, २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचेत, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज. त्यात २०२३ च्या बजेटने आयकरात ४३बी(एच) हे कलम आणलं, त्यामुळे मुदत उलटूनही वर्षअखेरपर्यंत न दिलेल्या बिलाचा खर्च देणाऱ्याला त्या वर्षी दाखवता येत नाही, म्हणून मार्चमध्ये अकाउंट्सवाले स्वतःच तुमचं उद्यम सर्टिफिकेट (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून नोंदणीचं) मागतात. फक्त हे पहिल्या फोनला काढू नका. पुढच्या महिन्यात त्याच माणसाकडून ऑर्डर घ्यायची असते.

सरकारी ऑफिसचं वेगळं, तिथे गोड बोलण्यापेक्षा आवक क्रमांक लागतो. अर्ज दिला की शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय हलायचं नाही, आणि पुढच्या वेळी नाव न सांगता क्रमांक आणि तारीख सांगायची. त्यावर मी जास्त लिहीत नाही, तो माझा प्रांत नाही.

भाषेचं विचारलंस. साहेब मराठी बोलतात ना? मग फोन आणि व्हॉट्सॲप मराठीतच. ‘किंडली एक्स्पेडाइट’ वाचलं की कुणीतरी वरून नोटीस पाठवल्यासारखं वाटतं, आणि ‘तेवढं बघाल का सर’ यातलं ‘तेवढं’ जे काम करतं ते इंग्रजीतल्या चार ओळी करत नाहीत. मेलवर बाकीचे अमराठी लोक असतील तर इंग्रजीत, साधं. ‘सर’ चालेल, पण त्यांना प्लांटमध्ये सगळे ‘भाऊ’ किंवा ‘काका’ म्हणत असले तरी तू लगेच म्हणू नकोस, एकदा भेट होऊ दे. आणि खरंच एकदा भेटून ये, काही काम नसताना, खराडी ते चाकण ट्रॅफिकमध्ये जीव जातो माहितीये मला, तरी. चेहरा माहीत असलेल्या माणसाचा मेल आधी उघडला जातो. डेटा आला की त्याच दिवशी ‘मिळाला सर, बघितला, नीट आहे’ एवढं कळव, आणि रिव्ह्यू झाल्यावर त्यांच्या आकड्यांचं काय झालं ते पण दोन ओळीत, हे कुणी करतच नाही.

आज बुधवार आहे आणि तू हे रात्री वाचशील. वरचा मेसेज लगेच पाठवू नकोस, उद्या गुरुवार. मेलला शेड्यूल लावून ठेव शुक्रवारी सकाळी पावणेदहाचं, आणि अकरा वाजता फोन कर, तोपर्यंत त्यांचा चहा झालेला असेल.